भेटकलम

फ्लॅपला गारवा सोसत नाही. भर मे महिन्यातसुद्धा आमच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खोलीत पंखा बंद, खिडकी लावलेली आणि आतला पेशंट घामाने डबडबलेला असायचा. नातेवाईक म्हणायचे, "सिस्टर, पंखा तरी लावा की हो." मी सांगायची, "तुम्हाला उकडतंय ते कळतंय मला, पण त्याला थंडी वाजेल." "कोणाला?" "पायावर नवीन आलाय ना, त्याला."

मग पांघरुणाचं टोक उचलून मी त्यांना तो दाखवायची. पाय दोन उशांवर उंच ठेवलेला, वर लोखंडी क्रेडल आणि त्यात लांबवर टांगलेला एक बल्ब. कोंबडीच्या पिलांना ऊब देतात ना, तशी. त्या उजेडात नडगीवर तळहाताएवढा तो बसलेला असायचा. आजूबाजूच्या कातडीपेक्षा बोटभर वर आलेला, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा मऊ, कडेने काळ्या टाक्यांची रांग. रंगही पायाशी जुळत नाही, कारण तो मांडीचा, कधी ऊन न पाहिलेला. पहिल्यांदा बघणारा तोंड फिरवतो. मला मात्र तो ताजा, ऊबदार, नीट बसलेला दिसला की माझी अख्खी रात्र सोपी जायची.

वॉर्डात सगळेच त्याच्याबद्दल माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. ड्यूटी बदलताना रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला सांगणार, "पाच नंबरचा चांगला आहे, सातचा जरा नाराज वाटतोय." राउंडला आल्या आल्या सरांचा पहिला प्रश्न, "काय म्हणतोय?" आणि वाईट बातमी असली तर एकच शब्द, "गेला." सरकारी रुग्णालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली चौदा प्लॅस्टिक सर्जरीच्या वॉर्डात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. अजूनही रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि उजवा हात आपोआप पालथा होतो. त्या वेळी पालथ्या हाताने त्याची ऊब बघायची असायची.

प्लॅस्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना नटनट्यांची नाकं आठवतात. आमच्या वॉर्डात नाकं कमी आणि पाय फार. मोटरसायकलवरून पडलेले, ट्रॅक्टरखाली सापडलेले, मळणीयंत्रात ओढले गेलेले. आणि पायातही नडगी. पलंगाच्या कडेवर नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते उगाच नाही. पायाचं बहुतेक मांस मागे पोटरीत आहे. पुढे आतल्या अंगाला हाडावर नुसती कातडी. बोटाने चाचपून बघा, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हाडाचा सपाट, गुळगुळीत भाग सलग हाताला लागतो. त्यामुळे तिथे मार बसला की कातडी फाटते, हाड मोडून बाहेर डोकावतं आणि ते झाकायला शेजारी कोणी नसतं.

उघडं हाड मी खूप पाहिलं. पहिल्या दिवशी ते गुलाबीसर पांढरं आणि ओलं असतं. त्याच्यावर एक पातळ अस्तर असतं, हाडाच्या बाहेरच्या थराला रक्त त्या अस्तरातून येतं. अपघातात ते अस्तर सोलून निघालं की हाड उघड्यावर पडतं. मग ते वाळतं, पिवळं पडतं, शेवटी तपकिरी होतं. तसं हाड म्हणजे मेलेलं लाकूड, त्यात पू धरतो आणि वर्षानुवर्षं वाहत राहतो.

"मग मांडीची कातडी काढून लावा ना," असं नातेवाईक हमखास म्हणतात. ती कातडी म्हणजे ग्राफ्ट. मांडीवरून सोलून काढलेला सायीइतका पातळ पापुद्रा. ग्राफ्ट बिचारा रिकाम्या हाताने येतो. पहिले दोनेक दिवस जखमेत पाझरणाऱ्या पाण्यावर काढतो, पुढे खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरल्या तर जगतो. म्हणजे खालची जमीन जिवंत हवी. मांसावर तो छान धरतो. अस्तर गेलेल्या हाडावर मात्र चार दिवसांत काळा पडून गळून जातो. फ्लॅपचं तसं नाही. फ्लॅप शिदोरी बांधून येतो. कातडी, तिच्याखालची चरबी, कधी मांस, आणि या सगळ्याला रक्त आणणारी धमनी व परत नेणारी शीर, असा सगळा संसार घेऊन तो येतो. हाड कोरडं असलं तरी त्याचं अडत नाही. उलट काही दिवसांनी तोच हाडाला रक्त पुरवायला लागतो. मोडलेलं हाड त्याच्या पांघरुणाखाली जुळतं. सलाइनमधून दिलेलं औषध जखमेपर्यंत पोचतं तेही त्याच्या रक्तातून.

त्याची भावकी मोठी आहे. आमचे सर शिकाऊ डॉक्टरांना पायाचे तीन मजले सांगायचे, ते ऐकून ऐकून मलाही पाठ झाले. वरच्या मजल्यावर, गुडघ्याखाली, पोटरीचा वरचा स्नायू कामी येतो. त्याची दोन अंगं म्हणजे जुळे भाऊच. आतल्या अंगाचा थोडा लांब. दोघांना रक्त गुडघ्याच्या मागून मिळतं. त्यातल्या एकाला टाचेकडून सोडवायचं आणि वळवून नडगीवर आणायचं. दुसरा भाऊ मागे राहून चालण्याचं काम ओढतो. आमच्या गावात शेतीच्या कामाला एकमेकांकडे सावडीने जातात, तसा हा सावडीला येतो. मधल्या मजल्यावर त्याच्या खालचा चपटा स्नायू येतो. खालच्या मजल्यावर, घोट्याजवळ, मात्र सगळाच दुष्काळ. तिथपर्यंत पोटरीचं मांस संपलेलं असतं, राहतात त्या दोऱ्यांसारख्या कंडरा. आणि नेमकी तिथेच सर्वांत जास्त हाडं उघडी पडतात.

त्या घोट्याजवळच्या जागेसाठी फार लोकांनी डोकं लावलं. पायावर कातडीची पट्टी उचलली तर ती जेवढी रुंद तेवढीच लांब ठेवा, नाहीतर टोक मरतं, असा जुना नियम होता. १९८१ मध्ये स्वीडनच्या पॉन्टेन नावाच्या सर्जनने कातडीखालचा घट्ट पांढरा पडदा सोबत उचलून पायावर केलेल्या २३ फ्लॅपचा अनुभव लिहिला. त्यात लांब पट्ट्यासुद्धा जगल्या होत्या. रक्ताच्या वाटा त्या पडद्याच्या आधाराने जात होत्या, आणि इतकी वर्षं तो मागे सोडला जात होता. १९९२ मध्ये फ्रान्सच्या मास्केले यांनी पोटरीच्या मागची कातडी खाली घोट्याच्या बाजूने जोडलेली ठेवून उलटी फिरवण्याची रीत मांडली. बाहेरच्या घोट्याच्या पाचेक सेंटिमीटर वर तिचा देठ असतो. आमच्याकडे याला सरळ उलटा फ्लॅप म्हणत. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, आठ-दहा तासांचं ऑपरेशन लागत नाही, म्हणून जिल्ह्याच्या गावीसुद्धा तो करता येतो. स्वभावाने मात्र जरा हट्टी. शिरांमधल्या झडपा रक्त वरच्या दिशेने जावं म्हणून असतात आणि याला त्यांच्या उलट रक्त काढून द्यावं लागतं. त्यामुळे दोन-तीन दिवस तो जांभळा होऊन फुगून बसतो. शिवाय त्याच्यासोबत एक मज्जातंतू द्यावा लागतो, म्हणून पाऊल वाचतं पण त्याची बाहेरची कड कायमची बधिर होते. पेशंटला हे आधी सांगितलेलं बरं असतं. न सांगितलेली बधिरता माणसाला फार घाबरवते.

एकूणच फ्लॅपच्या विद्येचं आपल्या पुण्याशी नातं आहे, हे मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कळलं आणि इतकी वर्षं ते कोणी का सांगितलं नाही म्हणून चुटपुट लागली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक व एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर पसरून रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळा देठ मात्र तसाच ठेवून ती खाली वळवली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. देठ कापायचा तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, असं त्या पत्रात आहे. ते वाचून वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, कार्प्यू नावाच्या सर्जनने लंडनमध्ये हेच करून दाखवलं. विटा घडवणाऱ्या त्या हातांचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. मला ते लागतं मनाला. आज जगभर जो हुन्नर शिकवतात, त्याचं मर्म त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं. नवी जागा आपलंसं करेपर्यंत जुन्या जागेचा देठ तोडायचा नाही.

देठ तोडायचाच असेल तर तो तिकडे लगेच जोडता आला पाहिजे. हे दीडशेहून अधिक वर्षांनी जमलं, आणि त्यातलं एक पहिलं पाऊल मुंबईत पडलं. डॉ. नोशीर अंतिया यांनी आपले सहकारी डॉ. बुच यांच्यासोबत पोटावरचा त्वचा-चरबीचा तुकडा पूर्ण सुटा करून, त्याच्या रक्तवाहिन्या नव्या जागी शिवून जगवल्याचं १९७१ मध्ये प्रसिद्ध केलं. हे तेच अंतिया, ज्यांनी पुण्याजवळ कोंढव्याला महारोग्यांची वाकडी झालेली बोटं सरळ करण्याचं काम केलं होतं. दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये टेलर आणि डॅनियल यांनी जांघेतला फ्लॅप सुटा करून एका तरुणाच्या पायावर, घोट्याजवळच, नेऊन बसवला. तेव्हापासून घोट्याजवळच्या दुष्काळी मजल्यावर परगावचा पाहुणा येऊ लागला.

या सुट्या फ्लॅपच्या पहाऱ्यावर माझ्या निम्म्या रात्री गेल्या. त्यातल्या एका रात्रीचं सांगते.

दुधाचा टेम्पो चालवणारा बावीस वर्षांचा पोरगा. नडगी खालच्या मजल्यावर मोडलेली, हाड हातभर नव्हे पण बोटभर लांब उघडं. मांडीचा फ्लॅप घेऊन लावला होता. नऊ तास ऑपरेशन चाललं. धमनी दोन-अडीच मिलिमीटरची, तिच्यात केसाहून बारीक दोऱ्याचे आठ-दहा टाके. तो दोरा मी एकदा बोटावर घेऊन पाहिला होता. उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. असे टाके नीट बसले तरी पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे असतात, कारण आत रक्ताची एक एवढीशी गुठळी झाली की खेळ संपला. म्हणून दर तासाला बघायचं. पुस्तकात रंग गुलाबी असावा असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर गुलाबी कुठून दिसणार? म्हणून आम्ही हातावर भरवसा ठेवायला शिकलो. पालथ्या हाताने ऊब. बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ, दोनेक सेकंदांचा. ताण. आणि शंका आली तर सुई टोचून येणारा थेंब.

दुसरी रात्र होती. एकला सगळं ठीक. दोनला कागदावर मी "किंचित घट्ट" असं लिहिलं. तीनला पांघरूण उचललं तर कडेच्या टाक्यांतून काळपट ओल झिरपत होती आणि फ्लॅप फुगलेल्या फुग्यासारखा तटतटलेला. पोरगा झोपलेला होता. त्याला काही कळत नव्हतं, कारण फ्लॅपला दुखत नाही. त्याचे सगळे मज्जातंतू मांडीत तुटलेले असतात. त्याचं दुखणं दुसऱ्यानेच ओळखावं लागतं. मी सुई टोचली. थेंब टचकन वर आला, पिकल्या जांभळाच्या रसासारखा काळा. धमनी बंद पडली असती तर फ्लॅप पांढरा, गार पडला असता आणि थेंब आलाच नसता. हा थेंब सांगत होता की रक्त आत येतंय, पण बाहेर जायची वाट बुजलीय.

बाहेर बाकावर झोपलेल्या निवासी डॉक्टरला हलवलं. तो अनवाणीच धावत आला. दोन टाके सोडले, घरी सरांना फोन लावला. मामांनी ट्रॉली आणली. पोरगा अर्धवट झोपेत विचारत होता, "सिस्टर, परत का?" मी म्हटलं, "अरे, त्याला जरा गुदमरल्यासारखं झालंय." पावणेचारला तो थिएटरच्या आत होता. दाराशी त्याची आई भिंतीला टेकून बसली. तिने मला काही विचारलं नाही, नुसता माझा पदर धरून ठेवला. शिरेतली गुठळी काढून, तो भाग कापून पुन्हा जोडणी केली. सव्वासातला ट्रॉली परत आली. माझी ड्यूटी संपत आली होती तरी मी सुई टोचल्याशिवाय गेले नाही. थेंब सावकाश वर आला, जास्वंदीसारखा लालभडक. तो थेंब पाहिला आणि मी त्या आईशेजारी जमिनीवर बसले.

असं दर वेळी होत नाही. वाट बुजली आणि शस्त्रक्रियेने मोकळी करण्यासारखी नसली की आमच्याकडे जळवा आणत. शिकलेल्या नातेवाइकांना हे ऐकून धक्का बसायचा. पण सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि आजही मोठमोठ्या रुग्णालयांत त्या वापरतात. जळू फ्लॅपमध्ये साठलेलं काळं रक्त पिते, आणि ती गळून पडल्यावरही तिच्या लाळेमुळे ती जागा काही तास पाझरत राहते. असं काही दिवस करत राहिलं की तेवढ्यात नव्या शिरा वाट काढतात.

फ्लॅपचा एक वैरी मात्र घरचीच माणसं घेऊन येतात. तंबाखू. विडी, मळलेली तंबाखू, बायांची मिश्री, सगळं सारखंच. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फ्लॅपची तर सगळी मदार त्यांच्यावर. एका आजोबांचा फ्लॅप चार दिवस झकास होता, पाचव्या दिवशी टोकाकडून काळा पडत गेला. चादर बदलताना उशीच्या अभ्र्यात पुडी सापडली, चुन्याच्या डबीसकट. मुलगा म्हणाला, "ते फार कासावीस होत होते, बघवेना." मला त्या मुलाचा राग आला आणि त्याची दयाही आली. बापाच्या मायेपोटीच त्याने ती पुडी आणली होती. निम्मा फ्लॅप गेला. पुढे तीन ऑपरेशनं झाली.

आता भेटकलमाचं. मी मूळची रत्नागिरीकडची. माझे बाबा पावसाळ्याच्या तोंडावर हापूसची भेटकलमं बांधायचे. रायवळ कोयीचं रोप कुंडीत वाढवायचं. मग हापूसच्या झाडाखाली मांडव घालून ती कुंडी उचलून फांदीपाशी न्यायची. रोपाची आणि फांदीची साल एकाच मापाने तासायची, दोन्ही ओले भाग एकमेकांना भिडवायचे आणि केळीच्या सोपाने घट्ट बांधायचे. फांदी तोडायची नाही. ती आपल्या झाडाचं पाणी पीत राहते आणि तिकडे रोपाशी जीव जुळवत असते. दोन-तीन महिन्यांनी बाबा फांदीला आधी एक खाच द्यायचे, काही दिवसांनी आणखी खोल, आणि मग शेवटचा घाव. एकदम तोडली तर धसका घेते, म्हणायचे.

ऊसतोडीला आलेली एक चाळिशीची बाई आमच्याकडे आली. ट्रॉलीचं चाक डाव्या पायावरून गेलेलं. नडगी उघडी, आणि पावलाकडे जाणाऱ्या तीन मोठ्या धमन्यांपैकी एकच शाबूत. सुटा फ्लॅप जोडायला त्या एकुलत्या एक धमनीला हात लावणं सरांना धोक्याचं वाटलं. त्यांनी जुनाच मार्ग धरला. अमेरिकेत हॅमिल्टन नावाच्या सर्जनने १८५४ मध्येच सांगितलेला, एका पायाची कातडी दुसऱ्या पायाला देण्याचा. उजव्या पोटरीवरचा फ्लॅप उचलून डाव्या नडगीवर शिवला, देठ उजवीकडेच ठेवला आणि दोन्ही पाय हलू नयेत म्हणून सळ्यांनी एकमेकांना जखडले. तीन आठवडे.

तीन आठवडे पाय बांधून उताणं पडणं काय असतं ते लिहून कळायचं नाही. कूस नाही. मांडी नाही. बेडपॅन द्यायला मावशी आणि मी दोघी लागायचो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कमरेखाली हात घालून तिला उचलायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची. मावशी तिची वेणी घालून द्यायच्या. तिचा नवरा तोडीवर परत गेला होता, उचल फेडायची होती. ती कण्हायची नाही, पण सारखी त्या बांधलेल्या पायांकडे बघायची. एके दिवशी मी तिला बाबांच्या कलमांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हंजी ह्यो पाय त्या पायाला भेटाय आलाय म्हना की." त्यानंतर ती सकाळी मला आधी हेच सांगायची, "आज भेट चांगली हाय बगा."

दोन आठवडे झाल्यावर सर रोज थोडा थोडा वेळ देठाला रबर लावलेला चिमटा लावून ठेवायचे. पाच मिनिटं, दहा, मग अर्धा तास. देठाचं रक्त अडलं तरी फ्लॅप ऊबदार राहतो का, ते बघायचं. म्हणजे नडगीने त्याला पाणी पाजायला सुरुवात केली. ही बाबांची खाच होती. सरांनी आंब्याचं कलम कधी बांधलं नसेल, आणि बाबांनी रुग्णालय आतून क्वचितच पाहिलं असेल. दोघांचा हात मात्र एकाच बेताने चालायचा. एकविसाव्या दिवशी देठ कापला. त्या रात्री ती बाई कुशीवर झोपली.

फ्लॅपचं उतारवय मी तपासणीच्या दिवशी बघायची. स्नायूचा फ्लॅप सुकून चपटा होतो, कारण त्याला आता ओढायचं काही काम नसतं. चरबीचा मात्र जिथून आला तिथले गुण सोडत नाही. मांडीवर केस असतील तर नडगीवरही मांडीचेच केस येतात. तो दुधाच्या टेम्पोवाला दोन वर्षांनी आला तेव्हा लग्न झालेलं होतं, अंगाने भरला होता, आणि फ्लॅपही त्याच्यासोबत भरला होता. पँट घट्ट होते म्हणून तो पातळ करून घ्यायला आला होता. त्याच्या फ्लॅपच्या खालच्या कडेला बुटाने घासून जखम झालेली, आणि त्याला पत्ताच नव्हता. मी त्याला रागे भरले. फ्लॅप तुझ्यासाठी उभा आहे, पण तो तुला हाक मारणार नाही. गरम पाणी, निखारा, बुटाची कड, काहीच त्याला कळत नाही. रोज रात्री तू स्वतः डोळ्यांनी बघायचंस.

जाता जाता, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. आमच्याकडे गेलेले बहुतेक पाय फ्लॅप फसल्यामुळे गेले नाहीत. फ्लॅपची वेळ टळून गेल्यामुळे गेले. कुठे तरी प्लेट बसवलेली, आणि उघड्या हाडावर तीन-तीन आठवडे नुसतं ड्रेसिंग चाललेलं. "भरून येईल," असं सांगितलेलं. अस्तर गेलेलं हाड असं नुसत्या ड्रेसिंगवर झाकलं जात नाही. स्लोव्हेनियाचे मार्को गोडिना यांनी ५३२ पेशंटचा हिशेब मांडला होता. अपघातानंतर ७२ तासांच्या आत झाकलेल्या जखमांमध्ये फ्लॅप जाण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. उशीर झालेल्यांमध्ये, तीन महिन्यांपर्यंत रखडलेल्यांमध्ये, ते बारा टक्क्यांवर गेलं. जंतुसंसर्गाचं अंतर त्याहून मोठं होतं, दीड टक्का आणि साडेसतरा टक्के. हा लेख १९८६ मध्ये छापून आला. त्याच वर्षी गोडिना स्वतः रस्त्यावरच्या अपघातात गेले.

म्हणून, तुमच्या घरच्या कोणाची नडगी फुटून हाड दिसत असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "हे हाड झाकणार कोण, आणि कधी?" तिथे प्लॅस्टिक सर्जन नसेल तर कुठे आहे ते त्याच दिवशी विचारून घ्या. संकोच करू नका. आणि पेशंटला भेटायला जाताना तंबाखू नेऊ नका.